गोठणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी वसलेले रहिमतपूर हे आदिलशाही अमदानीपासून नांदते असलेले गाव. तेथील रणदुल्लाखानाचा मकबरा आणि मशीद यांच्यापासून थोड्याच अंतरावर उभा असलेला पाण्याचा मनोरा पाहिला, म्हणजे घरोघरी नळ येण्यापूर्वी काही शतके या मुलखातील कारागिरांनी पाण्याच्या स्वभावाचा केवढा बारकाईने विचार केला होता, याची खात्री पटते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात या मनोऱ्याचे वर्णन आहे. सुमारे पन्नास फूट उंचीचे भरीव बांधकाम, पश्चिमेच्या अंगास हत्तीने मोट ओढावी म्हणून ठेवलेला उतार, माथ्यावर तीन-चार फूट खोलीचा हौद, आणि त्या हौदातून बांधकामाच्या पोटातून खाली उतरवलेला सुमारे सहा इंच व्यासाचा नळ, अशी त्याची रचना असून, मशिदीतील कारंज्यास पाणी पुरवण्यासाठी ही सारी तजवीज केलेली होती. पाणी एकदा नळात कोंडले म्हणजे त्याचे वर्तन उंचीमुळे येणाऱ्या दाबावर आणि नळाच्या सभोवती जे काही असेल त्याच्यावर अवलंबून राहते, हे तत्त्व त्या कारागिरांनी दगडात कायम करून ठेवले आहे.

मात्र एका संकटाचा विचार त्यांना करावा लागला नाही, आणि तो आजही रहिमतपूरकरांस करावा लागत नाही. जानेवारीतील ऐन पहाटे येथील पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरला, की लोक कडाक्याची थंडी पडली असे म्हणतात. परंतु पाणी गोठण्याची हद्द त्याहूनही पुष्कळ खाली असल्यामुळे, गच्चीवरून, भिंतीच्या बाहेरून, परसातून उघडेच नेलेले नळ वर्षानुवर्षे निर्धास्त राहतात. तथापि याच जिल्ह्यातील माणसे आता या हद्दीपलीकडील मुलखांत वास्तव्य करू लागली आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारे जवान लडाखच्या आणि काश्मीरच्या ठाण्यांवर हिवाळे काढतात. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेलेली मुले शिकागोत, टोरांटोत, मिनिआपोलिसमध्ये बिऱ्हाडे थाटतात. जन्मभर ज्यांनी नळाकडे पाणी येते की नाही एवढ्याच चिंतेने पाहिले, त्यांना तेथे आलेले पाणी नळातच दगड होऊन बसेल काय, ही निराळी चिंता वाहावी लागते. आणि ज्या ज्ञानाची घरात परंपरा नाही, ते ज्ञान पुस्तकातून तरी मराठी घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

गोठण्याचा आरंभ कसा होतो, हे पाहण्यासाठी सातारा जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात आणि लिंगमळ्याच्या बाजूस, डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या निरभ्र व निवांत रात्रीनंतर, पहाटे गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, मोटारींच्या टपांवर आणि बोटींच्या धक्क्यावर पांढऱ्या हिमकणांचा थर पसरलेला आढळतो. चमत्काराची गोष्ट अशी, की त्या वेळी माणसाच्या उंचीवर टांगलेला तापमापक शून्याच्या काही अंश वरच असू शकतो. याचे कारण, उघड्या आकाशाखाली असलेला प्रत्येक पदार्थ आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने वर टाकीत असतो. ढगांचे आच्छादन असेल तर त्यातील काही भाग परत मिळतो, ते नसेल तर मिळत नाही, आणि वारा पडला असेल तर हवेकडून होणारी भरपाईही थांबते. म्हणून पान किंवा पत्रा सभोवतालच्या हवेहूनही थंड होतो. हवामानाच्या अंदाजात सांगितलेला आकडा आणि उघड्यावरील वस्तूचे प्रत्यक्ष तापमान यांत अशी तफावत पडत असल्यामुळे, थंड प्रदेशात राहणाऱ्याने अंदाज शून्यावर येईपर्यंत स्वस्थ बसू नये.

हे रहस्य आपल्या देशातील सामान्य कारागिरांस फार पूर्वीपासून अवगत होते. रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, अलाहाबादेसारख्या ठिकाणी हिवाळ्यात बर्फ कसे तयार करीत, याचा वृत्तांत दिला आहे. उघड्या मैदानात दोन फूट खोलीचे चौरस खड्डे खणीत, त्यांच्या तळाशी उसाच्या वाळलेल्या कांड्यांचा किंवा मक्याच्या धाटांचा आठ इंचांपासून फूटभर जाडीचा थर अंथरीत, आणि त्यावर मातीच्या उथळ परळांतून पाणी भरून ठेवीत. सूर्योदयापूर्वी त्या परळांत बर्फ जमलेले असे. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की थंड देशांत नळ गोठू नये म्हणून ज्या पेंढ्याने तो गुंडाळीत आले, त्याच जातीच्या पदार्थाचा उपयोग येथे पाणी गोठावे म्हणून केला जात होता. यात विसंगती नाही. पेंढा, गोणपाट, लोकर, फेस भरलेले रबर, यांपैकी कोणताही पदार्थ स्वतः ऊब देत नाही. त्याच्या पोटात कोंडलेली स्थिर हवा उष्णतेची वाट अडवते, एवढेच. अलाहाबादेस त्या थराने जमिनीची ऊब परळापर्यंत येऊ दिली नाही. भिंतीवरील नळावर तो थर नळातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून नळाला आच्छादन घालताना प्रथम हा प्रश्न विचारला पाहिजे, की ऊब कोणत्या बाजूस आहे. घराच्या बाहेरील भिंतीतून जाणाऱ्या नळाच्या बाहेरच्या अंगास आच्छादन घालावे, आतल्या अंगास घालू नये. आतल्या बाजूस घातले, तर खोलीची ऊब नळापासून तोडली जाते आणि संरक्षणासाठी केलेला खर्चच घातास कारण होतो.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे वळू. बहुतेक द्रव थंड होताना अखेरपर्यंत आकुंचन पावतात; पाणी मात्र सुमारे चार अंशांपर्यंत आकुंचन पावून नंतर प्रसरण पावू लागते, आणि शून्य अंशावर त्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. तळ्याच्या पृष्ठावर बर्फ तरंगते व खाली जलचर जिवंत राहतात, ते याच गुणधर्मामुळे. आणि नळ फुटतात तेही याच गुणधर्मामुळे. त्याबरोबर पाण्याचा दुसरा एक गुण आपल्या बाजूचा आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होताना एक कॅलरी उष्णता सोडते. परंतु शून्य अंशावरील तेच पाणी बर्फ होताना सुमारे ऐंशी कॅलरी सोडते. ही सुप्त उष्णता स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात प्रथम स्पष्टपणे ओळखली. याचा अर्थ असा, की दहा अंशांचे पाणी शून्यावर येण्यास जेवढी उष्णता जावी लागते, तिच्या आठपट उष्णता ते पूर्ण गोठण्यास जावी लागते. पाणी सहजासहजी गोठत नाही. परंतु घरातील नळात पाणी असते तरी किती? पंधरा मिलिमीटर अंतर्व्यासाच्या एक मीटर नळात जेमतेम १७७ मिलिलीटर, म्हणजे पेलाभरसुद्धा नाही. हजार लिटरची टाकी एका थंड रात्रीत क्वचितच गोठेल, पण तिच्यातून निघालेला अर्ध्या इंचाचा नळ काही तासांत गोठू शकतो. संरक्षणाची पहिली गरज मोठ्या साठ्याला नसून बारीक नळाला असते, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

नळ फुटतो म्हणजे नेमके काय होते, याविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे, की ज्या जागी बर्फ झाले त्या जागी ते फुगते आणि नळाच्या भिंतीला आतून चिरून टाकते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या इमारतविषयक संशोधन विभागाने १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी हा समज दुरुस्त केला. बर्फाची गाठ नळात जमू लागली, की ती नळाच्या लांबीच्या दिशेने वाढते. मागच्या बाजूस गावाच्या मुख्य वाहिनीकडे वाट मोकळी असल्यामुळे त्या बाजूचे पाणी हटून जाते व दाब वाढत नाही. परंतु पुढच्या बाजूस तोटी बंद असते, आणि गाठ व तोटी यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्यास जाण्यास जागा नसते. पिचकारीचे तोंड अंगठ्याने घट्ट धरून दट्ट्या दाबावा, तशी त्या पाण्याची स्थिती होते. घरातील नळात एरवी तीन-चार वातावरणांचा दाब असतो. या कोंडलेल्या पाण्यात तो शेकडो वातावरणांपर्यंत चढू शकतो, आणि नळ जेथे दुर्बल असेल तेथे फुटतो. ती जागा पुष्कळदा गोठलेल्या भागापासून दूर, उबदार खोलीतसुद्धा असते. तांब्याच्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळाची बळकटी यापुढे टिकत नाही. ताणल्यावर प्रसरण पावणारे काही प्लास्टिकचे नळ अधिक तग धरतात, पण तेही अभंग नव्हेत.

एवढे समजले, की थंड देशांतील वडीलधारी माणसे कडाक्याच्या रात्री तोटी किंचित सैल सोडून पाण्याची बारीक धार का चालू ठेवतात, याचा उलगडा होतो. वाहणारे पाणी गोठतच नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नये. धारेने दोन निरनिराळी कामे होतात. जमिनीखालून येणारे पाणी काही अंश ऊब बरोबर घेऊन येते आणि ती नळाला सतत पुरवते, हे एक. आणि तरीही बर्फाची गाठ जमलीच, तर पुढच्या पाण्याला सुटकेची वाट मिळून दाब वाढत नाही, हे दुसरे व अधिक महत्त्वाचे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणले, तेव्हा त्या वाहिनीवर जागोजाग उच्छ्वास बांधण्यात आले, ते कोंडलेली हवा आणि दाब निघून जावा म्हणून. कारण वेगळे असले तरी विचार एकच आहे: बंदिस्त पाण्याला वाट ठेवली नाही, तर ते ती स्वतः करून घेते.

या सिद्धांतावरून संरक्षणाचे चार मार्ग निघतात. त्यांतील पहिला भूमीचा. हवेतील थंडी जमिनीत उतरताना खोलीगणिक क्षीण होत जाते. रहिमतपूरच्या शेतकऱ्याला हिवाळ्यातील पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, ते याचमुळे. प्रत्येक थंड प्रदेशात गोठण्याची मजल जमिनीत किती खोलवर जाते, हे अनुभवाने ठरवलेले असते, आणि नळ त्या मर्यादेच्या खाली गाडतात. शिकागोत बांधकामासाठी ही मर्यादा ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट धरतात. आणखी उत्तरेस ती वाढत जाते. लेह शहर सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर असून तेथील पारा हिवाळ्यात शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाऊ शकतो. तेथे उथळ टाकलेल्या वाहिन्या हिवाळ्यापुरत्या निरुपयोगी होतात व वस्त्यांस टँकरने पाणी पुरवावे लागते. खोल चर खणण्याचा खर्च एकदाच होतो, उथळ चराचा खर्च दर वर्षी होतो, हा धडा त्या मुलखाने सर्वांसाठी गिरवून ठेवला आहे. आणि जेथे नळ जमिनीतून वर येऊन घरात शिरतो, तेवढा फूट-दीड फूट भाग सर्वांत दुर्बल असतो. तेथील भोके व फटी बुजवाव्यात, कारण त्यांतून आत शिरणारा वारा नळाची ऊब झपाट्याने हिरावून नेतो.

दुसरा मार्ग उष्णतेचा. घर गरम असेल तर घरातील नळ गरम राहतात. म्हणून अमेरिकेत व कॅनडात हिवाळ्यात घर रिकामे असले तरी आतील तापमान तेरा अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असे सांगतात, आणि कडाक्याच्या रात्री बाहेरील भिंतीलगतच्या मोरीखालील कपाटांची दारे उघडी ठेवतात, म्हणजे खोलीतील ऊब तेथील नळापर्यंत पोहोचते. ज्या नळाला ऊब पोहोचवता येत नाही, त्याच्याभोवती विजेने तापणारी तार बांधून वर आच्छादन घालतात; मात्र तार उत्पादकाच्या सूचनेबरहुकूमच बांधावी, साधी तार स्वतःवरच गुंडाळू नये, आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण त्या जोडणीवर अवश्य असावे. या मार्गाचे वैगुण्य असे, की वीज गेली की तो संपला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात असाधारण शीतलहर येऊन ४५ लाखांहून अधिक घरांची व आस्थापनांची वीज गेली, आणि ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस या शहरांत, जेथे मराठी कुटुंबांचीही मोठी वस्ती आहे, असंख्य घरांतील नळ फुटून छतांतून पाणी कोसळले. तेथील घरे उष्ण हवेसाठी बांधलेली, नळ माळ्यावरून व बाहेरील भिंतींतून आच्छादनाविना नेलेले. इलिनॉयच्या संशोधकांनी पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, की अशा माळ्यावरील उघडा नळ बाहेरचा पारा शून्याखाली सात अंशांच्या आसपास गेला की धोक्यात येतो. थंडी जेथे नित्याची, तेथे घर तिच्यासाठी सज्ज असते. ती जेथे क्वचित येते, तेथेच हानी अधिक होते.

तिसरा मार्ग गतीचा, म्हणजे वर वर्णन केलेली धार. तो अल्पकाळापुरता आणि पाण्याची उधळपट्टी करणारा असल्यामुळे अडचणीच्या रात्रीसाठीच राखून ठेवावा. चौथा मार्ग सर्वांत खात्रीचा: ज्या नळात पाणीच नाही, त्यात गोठण्यासारखे काही नाही. काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चिल्लई कलान हा चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा शून्याखाली आठ अंशांपलीकडे गेला होता. अशा रात्री मुख्य चावी बंद करून सर्वांत खालची व सर्वांत वरची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे वरून हवा शिरते व खालून नळ रिता होतो. बागेसाठी जोडलेली रबरी नळी शरद ऋतूतच काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर तिच्यातील पाणी बाहेरच्या तोटीतून निघू शकत नाही आणि तेथून गोठण आत शिरते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांस या चौथ्या मार्गाची विशेष गरज आहे. तेथील शाळांची सुटी आणि इकडील लग्नसराई यांचा मेळ डिसेंबरात बसतो, म्हणून तीन-चार आठवडे घर बंद ठेवून पुष्कळ कुटुंबे नेमकी त्याच काळात मायदेशी येतात. काटकसर म्हणून घर गरम ठेवण्याचे यंत्रही काही जण बंद करतात. वर्षातील सर्वांत थंड आठवड्यांत घर ओस, यंत्र बंद आणि नळ भरलेले, असा तिहेरी योग जुळून येतो, आणि फुटलेला नळ लक्षात येईपर्यंत खालचा मजला भिजून गेलेला असतो. शिवाय घर गरम ठेवलेले नव्हते असे आढळल्यास अनेक विमा-करारांत भरपाई नाकारण्याची तरतूद असते. म्हणून प्रवासापूर्वी मुख्य चावी बंद करावी, सर्व तोट्या उघडून नळ रिते करावेत, शौचकूपाच्या टाक्या मोकळ्या कराव्यात, यंत्र मंद का होईना चालू ठेवावे, आणि शेजाऱ्याला घराची किल्ली देऊन अधूनमधून आत डोकावण्यास सांगावे. ज्यांच्याकडे पाणी तापवण्याची टाकी असेल, त्यांनी तिच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तिची निराळी व्यवस्था करावी, कारण रिकामी टाकी तापत राहिली तर दुसरेच संकट ओढवते.

इतके करूनही एखाद्या सकाळी तोटी उघडावी आणि पाणी येऊ नये, असे घडू शकते. तेव्हा घाई करू नये. तोटी उघडीच ठेवावी आणि ऊब देण्याची सुरुवात तोटीच्या बाजूने करून हळूहळू गोठलेल्या भागाकडे जावे. मधूनच सुरुवात केली तर वितळलेले पाणी दोन गाठींमध्ये कोंडून पुन्हा तोच दाब निर्माण होतो. गरम पाण्यात पिळलेली फडकी किंवा केस वाळवण्याचे यंत्र यांनी काम भागते. पण पाणी साचलेल्या जागी विजेचे उपकरण हाती धरू नये. उघड्या ज्योतीचा प्रयोग कदापि करू नये. तिने भिंतीतील लाकूड पेटते, आणि बंद नळात वाफ कोंडून स्फोट होतो. गोठलेला नळ रात्रीतच फुटलेला असू शकतो, परंतु बर्फाने वाट अडवलेली असल्यामुळे ते दिसत नाही. बर्फ वितळले की मगच पाणी उसळते. म्हणून ऊब देण्यापूर्वी मुख्य चावी बंद करावी, आणि वितळल्यावर ती हळूहळू उघडून प्रत्येक सांधा तपासावा.

या प्रकरणातील सर्व उपायांचा आधार असलेली ही मुख्य चावी कोठे आहे, हे पुष्कळ घरांत एकालाच ठाऊक असते आणि तो नेमका कामावर गेलेला असतो. रहिमतपुरात असो वा टोरांटोत, नव्या घरी बिऱ्हाड लावल्यावर पहिल्याच दिवशी घरातील प्रत्येकाने, मुलांनी आणि वृद्धांनीसुद्धा, ती चावी स्वतः बंद करून पुन्हा उघडून पाहावी. गंजून घट्ट बसली असेल तर त्याच आठवड्यात प्लंबरकडून बदलून घ्यावी. आच्छादन, तार आणि धार यांचे काम थंडीला विलंब लावण्याचे आहे. पाणी थांबवण्याचे काम ती चावी आणि ती फिरवणारा माणूस यांनाच करावे लागते.